न विचारलेलं उत्तर

आई-वडील दोघांचाही रक्तगट 'ओ' आणि बाळाचा 'बी'. प्रसूतिगृहाच्या कागदावर एवढीच अक्षरं असतात. पण शाळेत आनुवंशिकतेचा धडा शिकलेला कुणीही ती वाचून मनातल्या मनात हिशोब मांडतो. 'ओ' आणि 'ओ' मिळून 'बी' होत नाही. पुढचं वाक्य कुणी उच्चारत नाही, पण बाळंतिणीच्या खोलीतली हवा बदलते. रक्तगट तपासला होता तो बाळाच्या काळजीसाठी. उत्तर मात्र कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं आलं.

या कोड्याचा एक उलगडा मुंबईत झाला. केईएम रुग्णालयातल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली 'द लॅन्सेट'मध्ये एका नव्याच रक्तगटाची नोंद केली. तो पुढे जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यामागची गोष्ट घरातल्या खुंटीसारखी आहे. आपल्या लाल पेशींच्या पृष्ठभागावर आधी 'एच' नावाची खुंटी बसते. 'ए' जनुक त्या खुंटीवर एका रंगाचा सदरा अडकवतं, 'बी' जनुक दुसऱ्या रंगाचा. 'ओ' जनुकाजवळ सदराच नसतो, त्यामुळे खुंटी रिकामी राहते. बॉम्बे गटाच्या माणसाला मात्र खुंटी बनवणारं जनुक आई-वडील दोघांकडूनही निकामीच मिळालेलं असतं. त्याच्याजवळ 'बी'चा सदरा असला तरी तो अडकवायला जागा नसते. नेहमीची तपासणी फक्त सदरे बघते. सदरा दिसला नाही की ती लिहून मोकळी होते, 'ओ'.

बाळाला दुसऱ्या पालकाकडून चांगली खुंटी मिळते आणि या पालकाकडून लपलेला 'बी'चा सदरा. दोन्ही एकत्र आले की 'बी' दिसू लागतो. म्हणजे मूल त्याच आई-वडिलांचं असतं, अपुरी असते ती तपासणी.

बॉम्बे गट आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा. तेव्हा असं प्रत्येक कोडं त्यानेच सुटेल असं नाही. कधी नळीवरचं नाव चुकलेलं असतं, कधी नोंद करणाऱ्याची नजर. पण ज्याला ज्याला अनपेक्षित निकाल हाती येतो, त्याने ही मुंबईची गोष्ट आधी आठवावी असं मला फार वाटतं. माणसावर संशय घेण्याआधी तपासणीवर घ्यावा.

गळका नळ आणि भिंतीतली चीर

रक्तगटाच्या तपासणीत एक-दोन अक्षरांचा मामला असतो. आताच्या जनुकीय तपासण्यांचा पसारा वेगळा आहे. आपल्या प्रत्येक पेशीत आईकडून आलेला एक आणि वडिलांकडून आलेला एक असे सूचनांचे दोन संच असतात. एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं. कुणाही दोन माणसांचे संच शेजारी ठेवले तर लाखो ठिकाणी अक्षरं वेगळी निघतात. त्यातले बहुतेक फरक निरुपद्रवी, काही आपल्या नाका-डोळ्यांत दिसणारे, आणि थोडे आजाराशी नातं सांगणारे.

पूर्वी डॉक्टर एका आजाराचा संशय घेऊन एकच जनुक तपासायला सांगत. न्हाणीघरातला नळ गळतोय म्हणून प्लंबरला बोलवावं, त्याने वायसर बदलावा आणि जावं, तसं. आता अनेकदा संपूर्ण संच किंवा त्यातला प्रथिनं बनवण्याच्या सूचनांचा भाग एकदमच वाचला जातो, कारण ते स्वस्त आणि सोपं झालंय. प्लंबर आता घरभर दिवा घेऊन फिरतो. नळ दुरुस्त करता करता त्याला स्वयंपाकघराच्या भिंतीतली चीर दिसते. चीर जुनी असेल, वरवरची असेल, किंवा उद्या भिंत खाली आणणारी असेल. तुम्ही त्याला फक्त नळासाठी बोलावलं होतं. त्याने सांगावं की नाही?

इथे दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत. सहज नजरेला पडलं तो आनुषंगिक निकाल. आणि 'आलोच आहोत तर सगळ्या भिंती बघून घेऊ' असं ठरवून शोधलेला तो दुय्यम निकाल. ऐकणाऱ्याला दोन्हींचा धक्का सारखाच बसतो, पण सांगणाऱ्याची जबाबदारी सारखी नसते. शोधायला तुम्ही स्वतः गेला असाल, तर सापडल्यावर काय करायचं हे जाण्याआधीच ठरलेलं असायला हवं.

आजारी नसलेली हजार माणसं

मी राहते त्या गाझियाबादमध्ये, कमला नेहरू नगरात, 'वैज्ञानिक आणि नवोन्मेषी संशोधन अकादमी' आहे. देशभरातल्या 'सीएसआयआर'च्या, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, प्रयोगशाळांत पीएचडी करणाऱ्या अनेक मुलामुलींना पदवी हीच अकादमी देते. यमुनेपलीकडे दिल्लीत असलेल्या 'आयजीआयबी' या जनुकशास्त्राच्या संस्थेतले विद्यार्थीही शोधनिबंधावर आपल्या संस्थेबरोबर गाझियाबादचा पत्ता लिहितात. आमच्या शहराचं नाव म्हटलं की लोकांना कारखाने, धूर आणि मेट्रोतली गर्दी आठवते. भारतीयांच्या जनुकसंचावरच्या निबंधांत ते सापडतं याचं मला अप्रूप आहे.

या आयजीआयबीच्या पुढाकाराने 'इंडिजेन' प्रकल्प झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर करण्यात आलं की देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या १,००८ भारतीयांचे संपूर्ण जनुकसंच वाचून झाले आहेत. सहभागी झालेल्यांना एक कार्ड आणि मोबाइल ॲप द्यायचं, आणि त्यातून आरोग्याच्या दृष्टीने उपयोगी पडेल अशी स्वतःच्या जनुकसंचातली माहिती त्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना बघता यावी, अशी योजना होती. त्यानंतर 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने दहा हजार जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो साठा संशोधकांसाठी खुला झाला. तो ठेवलाय फरिदाबादला, म्हणजे पुन्हा आमच्याच परिसरात.

ही माणसं रुग्ण म्हणून आली नव्हती. रुग्णाला निदान एक प्रश्न तरी असतो: माझ्या मुलाला झटके का येतात, माझं हृदय का वाढलंय. संशोधनासाठी रक्त देणाऱ्याला प्रश्नच नसतो. त्याच्या बाबतीत जे निघेल ते सगळंच अनपेक्षित. म्हणून रक्त घेण्याआधीच्या संमतिपत्राला इथे फार वजन येतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत मानवी जनुकीय तपासणी आणि संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे, ते या विषयाचं वेगळेपण ओळखूनच.

काय सांगण्याजोगं आहे?

समजा, एका चाळिशीतल्या माणसाच्या तपासणीत एलडीएलआर या जनुकात बिघाड निघाला. रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून आत घेण्याची यकृताची यंत्रणा या बिघाडाने निम्म्याने लंगडी होते. माणूस सडपातळ असतो, वरणभात खाऊन राहणारा असतो, आणि तरी ऐन उमेदीत त्याला हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. यावर साधी, परवडणारी औषधं आहेत. शिवाय त्याच्या प्रत्येक भावाबहिणीत आणि मुलात तोच बिघाड असण्याची शक्यता पन्नास टक्के. हे न सांगणं मला तरी अपराध वाटेल.

आता दुसरं टोक. हंटिंग्टन नावाच्या आजारात मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जातात. बहुधा तिशी-चाळिशीनंतर सुरुवात होते, हातापायांच्या हालचाली ताब्यात राहत नाहीत, स्वभाव बदलतो, आणि तो थांबवण्याचा उपाय आजच्या डॉक्टरांजवळ नाही. जनुकात तो दोष पुरेसा मोठा असेल तर आजार जवळजवळ ठरलेला. हे एखाद्या तिशीच्या मुलीला, तिने विचारलं नसताना सांगायचं?

डीएनएची रचना उलगडणाऱ्या दोघांपैकी एक, जेम्स वॉटसन, यांचा जनुकसंच २००७ साली वाचून जाहीर करण्यात आला तेव्हा त्यांनी एकच गोष्ट वगळायला सांगितली होती. विस्मरणाच्या अल्झायमर आजाराचा धोका कमी-जास्त करणाऱ्या 'एपीओई' जनुकात काय आहे, ते त्यांना कळायला नको होतं. त्यांच्या आजीला तो आजार झाला होता. या विषयात त्यांच्याहून जाणकार माणूस कुठून आणायचा? तेव्हा 'मला नको सांगू' म्हणणारा माणूस अडाणी किंवा भित्राच असतो, हा समज काढून टाकलेला बरा. युनेस्कोच्या १९९७ च्या जाहीरनाम्यातही आपला जनुकीय निकाल जाणून घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिलेला आहे.

अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये ५६ जनुकांची यादी केली. जनुकसंच कुठल्याही कारणाने वाचा, या जनुकांत धोक्याचा बदल आहे का ते बघा आणि कळवा, कारण या आजारांवर काही ना काही करता येतं, असं तिचं म्हणणं होतं. माणसाची इच्छा विचारण्याची तरतूद त्यात नव्हती. गदारोळ झाला, आणि पुढच्याच वर्षी 'नको असेल तर नाही म्हणता येईल' अशी दुरुस्ती करावी लागली. यादी मात्र वाढत गेली आणि आता ऐंशीच्या वर पोचली आहे.

शंभरातले चार

ती यादी आपल्याकडे जशीच्या तशी उचलता येत नाही, याचं एक चांगलं उदाहरण आपल्याच रक्तात आहे. हृदयाच्या स्नायूच्या आकुंचनाला आवर घालणारं एक प्रथिन असतं. ते बनवणाऱ्या 'एमवायबीपीसी-३' जनुकातून २५ अक्षरं गळाल्याचं भारतीय उपखंडातल्या शंभरातल्या जवळजवळ चार माणसांत दिसतं. हैदराबादच्या 'सीसीएमबी' या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये हे दाखवलं आणि या बदलाचा हृदयस्नायूच्या आजाराशी संबंध जोडला. हे जनुक अमेरिकी यादीत आहे.

शंभरातले चार म्हणजे आमच्या मजल्यावर नाही तरी आमच्या इमारतीत कुणीतरी नक्की. त्या सगळ्यांचं हृदय बिघडतं का? नाही. पुष्कळ जण म्हातारे होईपर्यंत ठणठणीत राहतात. पुढच्या अभ्यासांतून असंही दिसू लागलं की गळलेल्या अक्षरांसोबत त्याच जनुकात आणखी एक बदल असेल तर धोका खरा वाढतो. म्हणजे युरोपीय माणसांच्या अनुभवावर बेतलेली पट्टी लावून 'तुमच्या हृदयाच्या जनुकात दोष आहे' असं कोट्यवधी लोकांना सांगितलं तर आपण त्यांना सावध करू की विनाकारण घाबरवू? भारतीयांचे हजारो जनुकसंच वाचण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो. आपल्याकडे कुठला बदल किती सर्रास आहे हे कळल्याखेरीज, कशाला धोका म्हणायचं तेच ठरत नाही.

नात्याचा निकाल

सगळ्यात अवघड अनपेक्षित निकाल आजाराचा नसतोच. तो रक्तगटाच्या त्या कागदावर होता तोच असतो.

मुलाला मूत्रपिंड देण्यासाठी वडील पुढे येतात. दोघांच्या पेशींवरच्या ओळखखुणा जुळवून बघतात, त्याला 'एचएलए' तपासणी म्हणतात. प्रत्येकाकडे या खुणांचे दोन संच असतात, एक आईचा, एक वडिलांचा. त्यामुळे बाप आणि लेक यांच्यात किमान एक संच सारखा निघायलाच हवा. एकही जुळला नाही तर लॅबमधला तंत्रज्ञ थबकतो. आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात जवळच्या नातेवाइकांना वेगळं स्थान आहे आणि कागदपत्रांवरून नातं नीट सिद्ध झालं नाही तर डीएनए तपासणीची वाटही नियमांत आहे. म्हणजे जे वैद्यकीय म्हणून सुरू झालं ते सरकारी फाइलीत शिरू शकतं.

किंवा थॅलेसेमिया घ्या. दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागणारं मूल. असं मूल होण्यासाठी सहसा आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे दोषी जनुकाची एक प्रत बाळगणारे, असावे लागतात. आई तपासणीत वाहक निघते, वडील निघत नाहीत. इथे 'बॉम्बे'चा धडा पुन्हा कामी येतो: वडील असे छुपे वाहक असू शकतात की नेहमीच्या तपासणीत हिमोग्लोबिनचे आकडे सरळ येतात, नळ्या बदललेल्या असू शकतात, क्वचित मुलात बदल नव्याने झालेला असू शकतो. हे सगळं तपासूनही उत्तर तेच आलं, तर काय?

माझं मत स्पष्ट आहे. ज्या माहितीने उपचाराच्या निर्णयात काही फरक पडत नाही, ती दवाखान्याने आपण होऊन त्या घरात नेऊन टाकू नये. 'मूत्रपिंड जुळत नाही' एवढं उत्तर खरंही असतं आणि पुरेसंही. पण खोटंही बोलू नये. थॅलेसेमियाच्या घरात ते जोडपं पुढच्या बाळाचा विचार करत असेल, तर माहितीने फरक पडतो. दोघेही वाहक धरले तर प्रत्येक खेपेला पंचवीस टक्के धोका, वडील वाहक नसतील तर तो जवळजवळ नाही. अशा वेळी आधी आईशी, एकटीशी, दार लावून बोलावं. घरात पुढे काय आणि किती बोलायचं, ते तिला ठरवू द्यावं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या कुटुंब न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात मुलाची डीएनए तपासणी करायचा आदेश रद्द केला. नवरा-बायकोच्या भांडणात मुलाच्या औरसपणावर सहजासहजी प्रश्न उभा केला जाऊ नये हा त्या मुलाचा हक्क आहे, असं न्यायालयाने म्हटलं. कोर्टाला जिथे इतका विचार करावा लागतो, तिथे लॅबने तो निर्णय एका ओळीत करून टाकू नये.

एक निकाल मात्र लॅबला दिसत असूनही आपण सगळ्यांनी मिळून 'सांगायचा नाही' असं ठरवलं आहे. गर्भवतीच्या रक्तात वारेतून आलेला बाळाकडचा डीएनए तरंगत असतो, आणि तो तपासून गुणसूत्रांचे दोष शोधताना मुलगा की मुलगी हेही कळू शकतं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. ज्ञान झाकून ठेवणं नेहमीच चूक असतं असं म्हणणाऱ्यांनी त्या कायद्यामागच्या न जन्मलेल्या मुलींचा विचार करावा.

चौकट : सही करण्याआधी
तपासणी एका प्रश्नाची आहे की संपूर्ण जनुकसंचाची, हे विचारा. जास्तीचं काही निघालं तर तुम्हाला कळवतील का, आणि 'नको' म्हणता येईल का, तेही विचारा. 'अर्थ अनिश्चित' असं लिहून आलेला बदल म्हणजे आजार नव्हे. त्यावर कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. 'वाहक' म्हणजे रुग्ण नव्हे. निकाल समजावून सांगणारा जनुकीय समुपदेशक आहे का, आणि रिपोर्ट नेमका कुणाच्या हातात जाणार, हे रक्त देण्याआधी ठरवून घ्या.

कळल्यानंतरचं आयुष्य

'वाहक' या शब्दाने आपल्याकडे किती नुकसान केलंय ते विदर्भातल्या लोकांना सांगायला नको. नागपूर भागातल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची नोंद १९५८ मध्ये झाली. तेव्हापासून गावोगावी तपासण्या झाल्या. सिकलसेलचा वाहक हा सर्वसाधारणपणे धडधाकट माणूस असतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर मुलांना धोका, एवढाच त्याचा अर्थ. पण गावात बातमी फिरते ती 'अमक्याच्या पोरीला सिकल आहे' अशी. मुलाचं लग्न त्यातूनही जमतं, मुलीचं अडतं. निकाल सांगितला, समजावला नाही, की असं होतं.

विम्याचंही तसंच. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारासाठी एका विमाधारकाने मागितलेला खर्च कंपनीने 'हा जनुकीय आजार आहे' म्हणून नाकारला. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी सरसकट 'जनुकीय आजार' वगळणारं कलम भेदभाव करणारं ठरवलं. पुढे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जनुकांवरून भेदभाव करू नये असा खास कायदा अमेरिकेने २००८ मध्ये केला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. 'तुमच्या भल्यासाठी सांगतो' म्हणणाऱ्या डॉक्टरने ही बाजूही सांगायला हवी.

आणि निकाल एकट्याचा कधीच नसतो. लंडनमध्ये एका माणसाला २००९ मध्ये हंटिंग्टन असल्याचं निदान झालं. त्याची मुलगी गरोदर होती. 'तिला सांगू नका,' असं त्याने डॉक्टरांना बजावलं. मूल जन्मल्यावर तिला ते अपघाताने कळलं आणि पुढे तिच्यातही तो दोष निघाला. तिने रुग्णालयावर दावा लावला. २०२० मध्ये न्यायालय म्हणालं की बापाचं गुपित आणि लेकीचं हित हे दोन्ही तोलून बघण्याचं कर्तव्य डॉक्टरांवर आहे, पण या प्रकरणात त्यांनी ते मोडलं असं म्हणता येत नाही. ती हरली. माझं मन तिच्या बाजूला जातं, आणि तरी त्या डॉक्टरांच्या जागी मी काय केलं असतं ते मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

आपल्याकडे उलटं असतं. इथे बापाचा रिपोर्ट लेकीपासून लपत नाही, लेकीचा रिपोर्ट आधी बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात पडतो. गेल्या हिवाळ्यात नात्यातल्या एका मुलीसोबत मी गाझियाबादच्या एका लॅबमध्ये गेले होते. तिच्या आईला आणि मावशीला स्तनांचा कर्करोग झाला होता, म्हणून तपासणी. चार पानांचं इंग्रजी संमतिपत्र, तिसऱ्या पानावर बारीक टाइपात दोन चौकोन: इतर निकाल कळवावेत, कळवू नयेत. काउंटरवरच्या मुलाने पान उलटलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, "मॅडम, बस यहाँ साइन कर दीजिए." दोन्ही चौकोन कोरेच राहिले होते. मी पान मागे उलटायला लावलं. मुलीने ते दोनदा वाचलं, मला विचारलं, "काकू, काय करू?" मी म्हटलं, तुला काय हवंय ते. तिने बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि पहिल्या चौकोनात खूण केली.

मग त्या मुलाने संगणकावर टाइप करत मोबाइल नंबर विचारला. रिपोर्ट त्या नंबरवर व्हॉट्सॲपने येणार होता. तिच्या नवऱ्याने सवयीने आपला नंबर सांगायला सुरुवात केली. नऊ आठ एक, इथपर्यंत आला आणि थांबला. त्याने तिच्याकडे बघितलं.

"माझा लिहा," ती म्हणाली.